आप्पांचा कौल

"चालणार! ही पेटी चालणार म्हणजे चालणारच!" आप्पांनी गुडघ्यावर थाप मारून सांगितलं, आणि समोर बसलेल्या ठिणगीचा चेहरा खर्रकन उतरला.

आप्पांना काही कळेना. स्वतःच्या हातांनी बनवलेल्या यंत्राला आजोबांनी शाबासकी दिली तर नात हरखून जाईल, निदान गालात हसेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ही तर तोंडात कडू गोळी धरल्यासारखी बघत होती.

"पुन्हा एकदा नीट विचार करा ना, आप्पा," ती म्हणाली. "यात काहीतरी खोट असेलच."

"कसली खोट? मी सकाळपासून शोधतोय. थकलो."

आणि ते खरंच शोधत होते. रविवार असल्यामुळे तळमजल्यावरचं वर्कशॉप बंद होतं. भिंतीशी लोखंडी दोरांची वेटोळी, कोपऱ्यात सुटी केलेली मोटर, आणि खिळ्याला टांगलेली ती पितळी मूठ, जी फिरवून आप्पा तरुणपणी लिफ्ट वरखाली करायचे. लिफ्टमनचे ते मेकॅनिक झाले, मेकॅनिकचे मालक झाले, आणि मालकाचे आप्पा झाले. आता लिफ्टदुरुस्तीचा धंदा थोरला मुलगा, म्हणजे ठिणगीचा बाप, बघायचा आणि आप्पा वर्कशॉपात येऊन धंद्याचा वास घ्यायचे.

पेटी जेवणाच्या डब्याएवढी होती. तिची वायर लिफ्टच्या मोटरला चिकटवली की ती मोटरचा, ब्रेकचा, दारांचा आवाज ऐकत बसायची आणि कुठला भाग दगा देणार ते आधीच सांगायची. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे जिन्याने जा. ठिणगीने एक पेटी गच्चीवरच्या मोटरीला लावून ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक जाणार असं पेटीने सांगितलं, थोरल्याने ते हसण्यावारी नेलं, आणि पुढच्याच आठवड्यात लॉक गेलं. मुलगी तशी लहानपणापासूनच तापदायक. टेबलावरच्या दिव्यात केसाची पिन खुपसून तिने अख्ख्या मजल्याचे दिवे घालवले होते, तेव्हापासून ती ठिणगी.

"मी लिफ्टमन होतो ना," आप्पा म्हणाले, "तेव्हा भिंतीला तळहात लावून उभा राहायचो. लिफ्टच्या पोटात काय दुखतंय ते मला हाताला कळायचं. तुझी पेटी तेच करते. म्हणून सांगतो, ही चालणार. चल वर. सगळे जमलेत. आत्ताच सांगतो त्यांना."

"आप्पा, नका ना सांगू!"

पण आप्पा पेटी काखेत मारून लिफ्टकडे निघालेसुद्धा होते.

वर चौथ्या मजल्यावर, थोरल्याच्या घरी, आज मोठी बैठक होती. एका बड्या कंपनीला आप्पांचा धंदा नावासकट, माणसांसकट विकत हवा होता. विकायचा की ठेवायचा, हे आज ठरणार होतं. ठेवला, तर ठिणगीची पेटी त्यांच्या देखरेखीखालच्या साऱ्या लिफ्टना लागणार होती. विकला, तर कंपनीकडे स्वतःच्या पेट्या भरपूर होत्या. ठिणगीच्या पेटीची जागा मग कपाटात, आणि ठिणगीची कुठल्यातरी परक्या टेबलामागे. थोरल्याने आठवडाभर डोकं खाजवून शेवटी नेहमीचं वाक्य उच्चारलं होतं: रविवारी आप्पांचा कौल घेऊ, मग ठरवू.

लिफ्ट जुनी होती, जाळीच्या दाराची. आप्पांनी दार ओढलं, बटण दाबलं, आणि लिफ्ट कुरकुरत निघाली. पहिला मजला गेला, दुसरा गेला, आणि ठिणगीने हात पुढे करून जाळीचं दार टिचभर उघडलं. लिफ्ट जागच्या जागी थांबली.

"अगं!" आप्पा ओरडले. "चालत्या लिफ्टचं दार उघडतात? लिफ्टवाल्यांच्या घरातली ना तू?"

"म्हणूनच मला माहीत आहे, दार उघडलं की ती थांबते. आप्पा, मला तुमच्याशी बोलायचंय, आणि या घरात दुसरीकडे कुठे एकांत मिळत नाही. रागावणार नाही ना?"

"लिफ्टमधे कुणी रागावू नये. पाय आपटायला जागा नसते."

ठिणगी जवळ सरकली. "आप्पा, वर गेल्यावर ते तुम्हाला विचारतील, पेटी चालेल का. तुम्ही चालेल म्हणालात, तर पेटी गेलीच म्हणून समजा."

"का? माझा शब्द कोण मोडतो बघू."

"तेच तर. सगळेच मोडतात." ती भराभर बोलून मोकळी झाली. "तुम्ही जे चालणार म्हणता त्याला या घरात कुणी हात लावत नाही. आणि जे बुडणार म्हणता ते लगेच घेतात. पहिल्यापासून असंच आहे. कौल तुमचा घ्यायचा आणि वागायचं बरोबर उलटं."

आप्पा हसले. मग तिच्याकडे बघून हसायचे थांबले.

"काहीतरीच. टीव्ही घेतला तेव्हा मला विचारूनच घेतला."

"तुम्ही काय सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं की आठ दिवसांत कंटाळतील. खिडकीत बसलं तर रोज नवी माणसं दिसतात, खोक्यात तीच तीच." आप्पा जरा थांबले. "पण त्यावेळी तुझ्या आत्याने हट्ट धरला म्हणून... परिस्थितीच तशी आली."

"आणि लिफ्टमन?"

हे वर्मावर होतं. लिफ्टमनशिवाय चालणाऱ्या लिफ्ट येणार अशी कुणकुण लागली तेव्हा आप्पांनी भर पंगतीत सांगितलं होतं की जी खोली स्वतःच दार लावून घेते तिच्यात शहाणा माणूस पाऊल टाकणार नाही. नेमकं त्याच महिन्यात थोरल्याचं नाव त्या नव्या लिफ्टचं काम शिकायला घातलं गेलं. पुढे साऱ्या घराने त्याच कामावर पोट भरलं.

"कंप्युटर?" आप्पांनी स्वतःच विचारलं. आवाज आता जरा खाली आला होता.

"तुम्ही म्हणाला होतात की ते वर्षावर्षाला मोठे होत जातील आणि ठेवायला लोकांना खोल्या पुरणार नाहीत. म्हणून तुम्हाला एक गोदाम घेऊन ठेवायचं होतं."

"तर्क चुकीचा नव्हता. तेव्हा होतेच ते कपाटाएवढे."

"काकाला पेजरचं दुकान काढायचं होतं."

"मी त्याला पाठिंबा दिला होता! सांगितलं, यापुढे माणसाला काही लागणार नाही. निरोप आला, संपलं. खिशात फोन घेऊन हिंडायची कुणाला हौस आहे, वायर नसली तर तो हरवेल."

"तुम्ही पाठिंबा दिलात, म्हणून त्याने त्याच संध्याकाळी तो नाद सोडला."

वरून थोरल्याचा आवाज आला. "आप्पा? अडकलात का?"

"थांबलोय!" आप्पांनी ओरडून सांगितलं. अडकणं आणि थांबणं यातला फरक त्यांनी आयुष्यभर लोकांना समजावला होता. मग त्यांनी पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. सगळ्यांना माहीत होतं, फक्त ज्याचा कौल त्यालाच माहीत नव्हतं. घरात आपल्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. आता ते आठवून त्यांचे कान गरम झाले.

"ही अक्कल कुणाची?"

"आजीची," ठिणगी हळूच म्हणाली.

मग मात्र आप्पांना वाईट वाटलं, आणि चांगलंच वाईट वाटलं. काहीही नवं बाजारात आलं की ती चहाचा कप त्यांच्या हातात देऊन समोर बसायची. मान जरा कलती करून ऐकायची. मध्ये एक शब्द बोलायची नाही. त्यांचं संपलं की म्हणायची, "असं म्हणता?" आणि उठायची. तिच्याइतकं लक्ष देऊन आपलं कुणी ऐकलं नाही, असं ते तिच्या माघारी सगळ्यांना सांगत आले होते. ते खरंही होतं. ती कशासाठी ऐकते, तेवढं कळायचं राहून गेलं होतं.

"आप्पा, खोटं बोला असं मी म्हणत नाही," ठिणगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "फक्त गप्प बसा. मला ही पेटी... मला दुसरं काहीच नीट येत नाही हो."

आप्पांनी जाळीचं दार घट्ट लावलं आणि चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.

वर दारातच थोरली सून उभी होती. "बघा! हिच्या पेटीची लक्षणं ठीक नाहीत म्हणून मी कधीची सांगतेय. घरची लिफ्ट अडकते तिथे बाहेरच्यांचं काय? आप्पा, बसा. तुमची खुर्ची ठेवलीय."

ही उंच पाठीची खुर्ची टेबलाच्या डोक्याशी असायची. आप्पा समजत होते की ती त्यांच्या कंबरेसाठी आहे. आज बसताना त्यांना कळलं की आपण गेली कित्येक वर्षं देवळातल्या मूर्तीच्या जागी बसतोय, आणि भक्त मात्र पाठ फिरवली की खिदळतायत.

टेबलाभोवती त्यांची तिन्ही मुलं होती. थोरला गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. लिफ्टवाल्याला लिफ्टचा उपयोग नसतो, कारण त्याला बोलावतात तेव्हा ती बंद असते, आणि या जिन्यांनीच त्याचे गुडघे खाल्ले होते. मधली लेक दातांची डॉक्टर. समोरच्याला उत्तर देता येत नसतानाच बोलायची तिला सवय होती. धाकटा लोकांना सहलींना पाठवायचा, आणि त्याचं ऑफिस होतं वर्कशॉपच्या मागच्या खोलीत.

"मी आधीच सांगते," डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली. "मी पोरीच्या बाजूने आहे. घरात कुणी काहीतरी नवं बनवलंय आणि तुम्ही विकायला निघालात? दादा, शोभत नाही तुला."

"ताई, तुझं क्लिनिक सहाव्या मजल्यावर आहे ना?" धाकटा गोड आवाजात म्हणाला. "कंपनी म्हणे जुन्या गिऱ्हाइकांना नव्या कोऱ्या लिफ्ट बसवून देणार आहे. आतून आरसा वगैरे."

डॉक्टरीणबाई थबकल्या. त्यांचे पेशंट त्या लिफ्टमधे अडकून दातदुखी विसरलेले होते, आणि विसरलेला पेशंट परत जातो. "म्हणजे, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये, हेही खरंच आहे," त्या म्हणाल्या.

"आत्या!" ठिणगी म्हणाली.

"अगं, मी फक्त दोन्ही बाजू बघतेय."

"दोन्ही बाजू बघायच्या तर हे बघा," सूनबाई म्हणाल्या. "यांचे गुडघे बघा. जेवायला बसलं की फोन, पाठ टेकली की फोन. कुठेतरी कुणीतरी अडकलेलं असतं. विका आणि सुटा. वर्कशॉपची जागासुद्धा कंपनीच घेणार आहे, म्हणजे तीही कटकट नको."

"जागासुद्धा?" धाकट्याच्या हातातला कप हवेतच राहिला. "मागच्या खोलीसकट?"

"मागची खोली काय दुसऱ्या इमारतीत आहे?"

धाकट्याने कप खाली ठेवला, खुर्ची ठिणगीच्या बाजूला सरकवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, मला विचाराल तर घराण्याचा धंदा तो घराण्याचा धंदा. ही पोर एवढी धडपडतेय. जरा माया दाखवा."

एरवी आप्पांना अशा वेळी मजा वाटली असती. आज ते पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते. थोरला मुलीकडे बघत होता, मग गुडघ्याकडे, मग पुन्हा मुलीकडे. शेवटी त्याने घसा साफ केला.

"असं भांडून काही होणार नाही. आप्पांनाच विचारू या."

"हो, आप्पांना विचारू या," सगळे एका सुरात म्हणाले.

"आप्पांचा शब्द आपण कधी खाली पडू दिलाय?" धाकटा म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"आप्पांचं मार्गदर्शन नसतं तर आज आपण कुठे असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे त्या अगदी मनापासून म्हणत होत्या, हे आप्पांना आज प्रथमच समजलं, आणि त्यांना लेकीच्या डोक्यात पेटी घालावीशी वाटली.

"सांगा आप्पा," थोरला पुढे झुकला. "ही पेटी चालेल का?"

ठिणगी टेबलाखाली बोटं मोडत होती.

जिभेच्या टोकावर शब्द तयार होता. चालणार. आयुष्यात पहिल्यांदा आपण बरोबर आहोत, याची त्यांच्या तळहातांना खात्री होती. यांना एकदा तरी दाखवून द्यावं, या साऱ्या हसणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून खरं बोलावं, असं त्यांना फार वाटलं. पण मग ते विचारात पडले. खरं बोललो तर पेटी कपाटात जाणार आणि धूळ खात बसणार, म्हणजे आपला कौल चुकलाच. खोटं बोललो तर पेटी चालणार, म्हणजे तेव्हाही चुकलाच. काही केलं तरी यश आपल्या पत्रिकेत नाही. मग चुकायचंच आहे, तर पोरीच्या कामी येईल असं का चुकू नये?

त्यांनी पेटी मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली, जरा लांबच ठेवली, आणि गुडघ्यावर थाप मारली.

"ही? ही चालायची नाही!"

ठिणगीने मान वर केली. धाकट्याने सुस्कारा सोडला. सूनबाई मात्र डोळे बारीक करून बघत होत्या. सासऱ्यांचे कौल त्यांनी अनेक ऐकले होते, आणि आजची थाप त्यांना जरा हलकी वाटली.

"का नाही चालायची, आप्पा?" त्यांनी विचारलं.

घाम फुटायची वेळ होती. पण आप्पा असे कारणांना कधी कमी पडले होते? "कारण लोकांना लिफ्ट दुरुस्त व्हायला नकोच असते! लिफ्ट बंद पडली की शेजारी शेजाऱ्याशी बोलतो. जिन्यात भेटतात, दम खातात, मिळून आपल्याला शिव्या देतात. आधीच दुरुस्त झाली तर बोलणार कशावर? इमारती ओस पडतील. वर्षभरात लोक या पेट्या उपटून काढतील आणि त्यात कांदे ठेवतील."

सूनबाईंचा चेहरा सैल झाला. हे अगदी अस्सल आप्पांचं होतं.

"आणि ती कंपनी, आप्पा?" थोरल्याने विचारलं.

"छान कंपनी आहे! त्यांच्याकडे गेलात की तुम्ही सगळे सुखात राहाल. हिच्या क्लिनिकची लिफ्ट तर कधी बंद म्हणून पडणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. आप्पांना आता गोडी लागली होती. एवढ्या वर्षांत या यंत्राचं बटण कुठे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, आज ते सापडलं होतं. ते सुनेकडे वळले.

"आणि सूनबाई, तू एक लक्षात ठेव. समजा माझं न ऐकता ही पेटी लावलीतच, तर फोन दुप्पट वाजतील. हा जेवायला बसला की वाजतील, निजला की वाजतील. जिने तर इतके चढावे लागतील की विचारू नकोस."

"खरंच?" सूनबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एखाद्या मुलीसारखा उजळला.

"शब्द आहे माझा."

थोरल्याने गरम पाण्याची पिशवी बाजूला ठेवली. त्याने इतका लांब श्वास सोडला की आप्पा चमकले. याला विकायचं नव्हतंच. हा आठवडाभर कुणीतरी अडवायची वाट बघत होता, आणि अडवायला त्याला बापाशिवाय दुसरं माणूस सापडलं नव्हतं. एवढं कळल्यावर आप्पांचा राग निम्मा तरी गेला.

"आप्पा, तुमचं म्हणणं डोक्यात ठेवतो," थोरला नम्रपणे म्हणाला. "बाकी बघू या, परिस्थिती कशी येते ते."

"बघा, बघा," आप्पा म्हणाले. "परिस्थितीचं काही सांगता येत नाही."

मग गप्पा भराभर दुसरीकडे वळल्या. कंपनीला सोमवारी नकार कळवायचा, पहिल्या पेट्या कुठे बसवायच्या, हे सगळं आप्पांना ऐकू येणार नाही अशा आवाजात ठरलं, आणि आप्पांनी सगळं ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी पहिली पेटी आपल्याच क्लिनिकच्या लिफ्टला मागून घेतली. ठिणगी आप्पांच्या खुर्चीमागून जाताना क्षणभर थांबली, त्यांच्या टकलावर हनुवटी टेकली आणि आत गेली.

ऊन कलायला लागल्यावर मंडळी निघाली. सगळ्यांना खाली सोडायला थोरला आणि सूनबाईही चपला घालून बाहेर आले. लिफ्टच्या दारापाशी जरा घोळका झाला.

"मघाशी अडकली होती ना ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांच्या पायात उंच टाचा होत्या.

"थांबली होती," आप्पा म्हणाले. त्यांनी तळहात दाराशेजारच्या भिंतीवर ठेवला. लिफ्ट वर येत होती, आणि भिंतीतून मोटरची थरथर यायची तशीच येत होती, शांत, एकसुरी. यात कुणासाठी काही डाव नव्हता, म्हणून ते सहज म्हणाले, "लिफ्टला काही झालेलं नाही. खुशाल जा. उत्तम चालतेय."

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं.

"जिन्याने बरं पडतं, नाही?" थोरला म्हणाला.

"पायही मोकळे होतात," सूनबाई म्हणाल्या.

आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत सगळी वरात जिन्याकडे वळली. सर्वांत पुढे धाकटा, मागे डॉक्टरीणबाई टाचा हातात घेऊन, मग सूनबाई, आणि शेवटी कठड्याला धरून, एकेका पायरीला 'हाय' म्हणत, दुखऱ्या गुडघ्यांचा थोरला. लिफ्ट दार उघडून वाट बघत उभी होती.

आप्पांनी एवढी वर्षं हे कधी पाहिलं नव्हतं. हे नेहमी त्यांच्या पाठीमागे घडायचं. आता समोर घडताना बघून त्यांना आधी गालात, मग पोटातून हसू आलं, आणि शेवटी भिंतीला टेकून ते डोळे पुसायला लागले.

"चला, आप्पा," ठिणगी आत उभी होती.

"तू जिन्याने नाही जात?"

"मी गच्चीवर जाऊन बघून आले. हिरवा दिवा आहे." मग ती म्हणाली, "आणि नसता तरी आले असते."

दार लागलं, लिफ्ट निघाली. जाळीतून बाजूचा जिना दिसत होता. आप्पांनी सवयीने तळहात भिंतीला लावला.

"पहिला कौल टीव्हीचा नव्हता गं," ते जरा वेळाने म्हणाले. "मला मघापासून आठवतंय. मी लिफ्टमन होतो तेव्हा एक मुलगी रोज काहीतरी कारण काढून वर यायची. वर यायची आणि लगेच खाली जायची. मोठ्या घरची होती. एके दिवशी मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, तू आणि मी, हे काही चालायचं नाही."

"मग?"

"मान अशी कलती करून ऐकलं. म्हणाली, असं म्हणता?" आप्पांनी नाक ओढलं. "आणि लग्न केलं माझ्याशी."

ठिणगीने त्यांचा हात धरला. पहिला मजला वर गेला आणि लिफ्ट अलगद तळमजल्याला टेकली, धक्का म्हणून लागला नाही. आप्पांनी जाळीचं दार सरकवलं. समोर कुणी नव्हतं. वरून पावलं आपटल्याचा, दम लागल्याचा आणि 'हाय हाय'चा आवाज येत होता. सगळे अजून दुसऱ्या मजल्यावर होते.

आप्पा दारापाशी हात मागे बांधून, ताठ उभे राहिले, अगदी पूर्वी साहेब लोकांसाठी उभे राहायचे तसे. बऱ्याच वेळाने धाकटा उतरला, मग बायका, आणि सर्वांत शेवटी घामाघूम झालेला थोरला. तो कठड्याला धरून थबकला.

"आप्पा? तुम्ही लिफ्टने आलात? न थांबता?"

"काय करणार," आप्पा म्हणाले. "परिस्थितीच तशी आली."